तू हो पुढं, मी उद्या येते

अक्का,

तुमचं तेरावं झालं, गोडजेवण झालं, अंबडचे आणि घनसावंगीचे पाहुणे आपापल्या बसनं गेले. घर आता पुन्हा घरासारखं झालं, असं सगळे म्हणतात. मी काल सकाळी आत्याबाईंना सांगितलं की मला कावळा शिवला, आणि आपल्या मागच्या पडवीत येऊन बसले. घोंगडं, पितळी तांब्या, कडा चेपलेली ती जर्मनची ताटली, सगळं जागच्या जागी आहे. निवांत लिहायला याहून चांगली जागा आपल्या घरात कधीच नव्हती, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आल्यागेल्यांनी तुमच्याबद्दल फार चांगलं बोलून घेतलं. साधी बाई, सोशिक बाई, कधी शब्दाला शब्द दिला नाही. मी मान डोलावत राहिले. मनात म्हटलं, ह्यांनी अक्कांना मागच्या पडवीत कुठे बघितलंय? साधी म्हणे. तीन वर्षं तुम्ही सबंध घराला बनवत होतात, आणि चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नव्हती.

मी या घरात धाकटी सून होऊन आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. माझे वडील अंबडच्या कोर्टात कारकून, म्हणून मला उर्दू लिहिता-वाचता येत होतं आणि त्याचा मला तोराही होता. तुम्ही मोठ्या जाऊबाई, माझ्याहून दहा वर्षांनी वडील, तुमच्या हातात सगळं स्वयंपाकघर, आणि वर सासू म्हणून आत्याबाई. आल्यावर पहिल्याच महिन्यात मी बाजूला बसले आणि रडून रडून डोळे सुजवले. आमच्या अंबडच्या घरी इतकं कडक नव्हतं. इथे स्वयंपाकघर बंद, देवघर बंद, कुणाला शिवायचं नाही, ताट लांबून सरकवायचं, आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन मगच माणसांत यायचं. मला वाटलं, तुरुंग तो हाच. तुम्ही उंबऱ्याच्या आतून डोकावलात, आत्याबाई ऐकत नाहीत हे बघून घेतलंत आणि हळूच म्हणालात, "रडून नको राहू येडे. तू हो पुढं, मी उद्या येते."

आणि दुसऱ्या दिवशी खरंच तुम्ही काखेत घोंगडं मारून आलात. भिंतीला टेकलात, पाय लांब केलेत आणि असा श्वास सोडलात जसा मी तुम्हाला चुलीपुढे कधीच सोडताना पाहिला नव्हता.

"महिनाभर चूल फुंकायची," तुम्ही म्हणालात, "आन मंग हितं यायचं. आयतं ताट येतंय, कुणी हाक मारत न्हाई. बादशहाला तरी मिळतंय का हे?"

तेव्हापासून आपलं ठरून गेलं. दर महिन्याला एकत्र येणं जमायचं नाही, पण जमायचं तेव्हा काय दिवस होते ते. गोधड्या शिवल्या, सागरगोटे खेळलो, आत्याबाईंच्या चालीची नक्कल केली. आणि तुम्ही उर्दू शिकलात. मी पडवीतल्या मातीवर बोटानं अलिफ काढायची, तुम्ही शेजारी काढायचात. तुमचं बे नेहमी उताणं पडायचं आणि त्यावरून आपण भांडायचो. "हे अक्षर हाये का होडी?" तुम्ही म्हणायचात. स्टेशनावर एकदा तुम्ही पाटीवरचं जालना वाचलंत, मोठ्यानं, सगळ्या फलाटासमोर, आणि तुमचे यजमान, आमचे भाऊजी, एवढे दचकले की त्यांच्या हातातला फिरकीचा तांब्या पडला. नंतर त्या उर्दू पाट्याच गेल्या. तुम्ही म्हणालात, माझं शिकून होईस्तोवर राज्यच बदललं.

ते राज्य बदलण्याच्या आधीचे दिवस आठवतात का? रझाकारांच्या भीतीनं आख्खी गल्ली हद्दीपलीकडच्या देऊळगावराजाकडे निघाली होती. आपल्या घरच्या दोन बैलगाड्या ठरल्या. आणि नेमक्या आपण दोघी बाजूला बसलेल्या. जिवाची पळापळ, रस्त्यावर कोण गाठ पडेल सांगता येत नाही, पण आत्याबाईंनी विटाळ काही सोडला नाही. दोन गाड्यांत घर दाटीवाटीनं कोंबलं आणि आपल्यासाठी तिसरी गाडी मागवली. आख्ख्या गाडीत आपण दोघी. पुढच्या गाड्यांत पोरं रडून राहिलेली, भांडी आपटून राहिलेली, आणि आपण सरकीच्या पोत्यांना टेकून आडव्या. मी भीतीनं तुमचा दंड घट्ट धरला होता. तुम्ही पदर तोंडात कोंबून हसत होतात. "कमळे, लढाई झाली तरी आपली सुट्टी बराबर." त्या प्रवासाची आठवण काढली की अजून मला आधी तुमचं हसू आठवतं, भीती मागून येते.

पण हे दिवस तुमच्यासाठी नुसती सुट्टी नव्हते, हे कळायला मला वेळ लागला. मला मुलं झाली. एकेका मुलामागे मी वर्ष-दोन वर्षं पडवीत आलेच नाही. तुम्ही मात्र दर महिन्याला आलात. तुम्ही घोंगडं उचललंत की आत्याबाई नुसतं बघायच्या. महिन्याच्या महिन्याला सगळ्या घराला जाहीर व्हायचं की अक्कांना याही वेळी काही नाही. घनसावंगीकडची एक मुलगी भाऊजींसाठी सांगून आली होती. भाऊजी म्हणाले, अजून वेळ आहे. पुढच्या वर्षी पुन्हा कुणी विषय काढला तेव्हाही तेच म्हणाले. मग ते त्यांचं ठरलेलंच वाक्य झालं. तुम्ही चाळिशी ओलांडलीत, पन्नाशी आली, तरी तुमचं बाजूला बसणं चालू होतं आणि भाऊजींचा वेळ संपत नव्हता.

मग एका महिन्यात माझ्या लक्षात आलं की चौथ्या दिवशी दोरीवर फक्त माझीच फडकी वाळताहेत. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही शांतपणे सुई ओवत होतात.

"अक्का, तुमचं?"

"बघितलंस ते तोंडात ठेव."

"बंद झालंय?"

"झालंय. मंग? मी यायचं बंद करू का?"

मी हसत सुटले. तुम्हीही हसलात. पुढे तुम्ही फडकी नुसतीच भिजवून दोरीवर टाकायला लागलात, आणि माझ्या मागोमाग दुसऱ्या दिवशी हजर. आत्याबाई चकित. "दोघी बरोबरच कशा गं बसता आताशा?" तुम्ही म्हणायचात, "हिचं मला लागतंय, आत्याबाई." तेव्हा मला वाटायचं, तुम्ही माझ्यासाठी येता. चाळीस-बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तुमचं अंग मोकळं झालं होतं, तरी तुम्ही त्या फाटक्या घोंगड्यावर येऊन बसत होतात, ते आपल्या गप्पांसाठी. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मग माझे वडील आजारी पडले आणि मी दोन महिने अंबडला राहिले. त्या दोन महिन्यांत काय झालं ते तुम्ही मला पुष्कळ उशिरा सांगितलंत, तेही सगळं नाही. डावी छाती जड वाटायला लागली होती. गाठ नव्हती. गाठ असती तर कुणीही घाबरलं असतं, एवढं तर आपल्यालाही माहीत होतं. नुसता एक जाडसरपणा होता, पीठ एका बाजूनं घट्ट राहावं तसा. आत्याबाईंनी ओळखीच्या म्हाताऱ्या सुईणीला बोलावलं. तिनं चाचपून विचारलं, अजून बसतेस का बाजूला? आत्याबाई समोरच होत्या. तुम्ही म्हणालात, बसते की. "मंग त्याचंच हाये ते," सुईण म्हणाली. "यायच्या आधी भरून येतं. गेलं की उतरंल." यात तिची काय चूक? ज्या बाईची पाळी चालू आहे तिला तिनं बरोबरच सांगितलं. फक्त ती बाई तुम्ही नव्हतात.

मी परत आले, पुढच्या महिन्यात आपण बसलो, आणि चौथ्या दिवशी न्हाणीत मी तुमची पाठ चोळत होते. तुम्ही हात वर केलात आणि मला ते दिसलं. डाव्या बाजूचं टोक आत ओढलं गेलं होतं, जणू कुणी आतून धागा खेचला होता. मी हात लावला. खाली सगळं घट्ट, कडेला कुठे सुरुवात नाही, शेवट नाही.

"हे कधीपासून?"

"उतरंल म्हणाली ती."

"अक्का, काय उतरंल? तुम्हाला येतंय का काही, उतरायला?"

तुम्ही तांब्या भरून माझ्या डोक्यावर ओतलात, मी गप्प बसावं म्हणून. मी बसले नाही. त्याच आठवड्यात मी तुम्हाला आपल्या गावच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी फार वेळ तपासलं, मग बगलेत तपासलं, मग पाठीचा एकेक मणका दाबून विचारलं, इथे दुखतं का? दुखत होतं. तुम्ही ते आम्हाला सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, हैदराबादला जा, उशीर करू नका.

हैदराबादच्या त्या खोलीबद्दल आपण कधी नीट बोललोच नाही, अक्का. माझ्या मनात मी ती इतक्या वेळा उघडून बघितली आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई खुर्चीत, तुम्ही स्टुलावर, मी मधे दुभाषी म्हणून उभी, भाऊजी दाराशी हातात टोपी घेऊन. छातीचा तुकडा काढून तपासला होता, तो कर्करोग निघाला होता, मणक्यापर्यंत गेला होता. आता नुसती छाती कापून भागण्यासारखं नव्हतं. पुढे कुठलं औषध द्यायचं त्यासाठी त्या विचारत होत्या. माहवारी पहिल्यांदा कधी आली? मी विचारलं, तुम्ही म्हणालात, अकराव्या वर्षी. मूल? नाही. एखादं राहून गेलेलं? तेही नाही. मी एकेक उत्तर तिकडे पोचवत होते. मग त्यांनी विचारलं, "अब भी आती है?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. भाऊजींच्या बुटांकडे पाहिलंत आणि म्हणालात, "सांग, येती म्हणून."

मी डॉक्टरीणबाईंकडे वळले. "नहीं, डॉक्टर साहिबा. तीन साल हुए, बंद है."

त्या वाक्यातला एकेक शब्द मीच तुम्हाला मातीवर बोटानं काढून शिकवला होता. तुम्ही पापणीसुद्धा हलवली नाहीत. दाराशी भाऊजींनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. निजामाच्या राज्यात अडतीचं दुकान चालवलेल्या माणसाला एवढं उर्दू कळत नाही थोडंच.

"अच्छा हुआ, सच बोले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आती बोलते तो मैं पेट खोलने वाली थी." आणि मग त्यांनी समजावून सांगितलं, सावकाश, मी मराठीत करीन अशा बेतानं. पाळी चालवणारा एक रस बाईच्या पोटातल्या बीजकोशांत तयार होतो. हा रोग त्या रसावर पोसतो. पाळी चालू असली तर बीजकोश काढून टाकतात, म्हणजे रोगाचं खाणं तुटतं. पाळी जाऊन काही वर्षं झालेल्या बाईला ते पोट फाडून उपयोग थोडा, तिला दुसरी इंजेक्शनं द्यायची. रोग सुरू झाला तो दूध तयार होतं तिथून. ह्या जातीचा रोग गाठ करत नाही, ओळ धरून सरकत जातो, म्हणून हाताला उशिरा लागतो. ज्यांची पाळी लवकर येते आणि उशिरा जाते, ज्यांना मूल होत नाही, त्यांच्या अंगात तो रस मधे खंड न पडता फिरत राहतो, आणि वय वाढलं की अशा बायकांत हा रोग जास्त दिसतो. "इसमें किसी का कसूर नहीं," त्या म्हणाल्या. "ना श्राप, ना पाप." हे त्यांनी भाऊजींकडे बघून सांगितलं.

तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, मराठीत, स्वतःशी, "दूध कधी आलंच न्हाई तिथं. आन रोग बराबर तिथंच आला."

गाडीत तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात. भाऊजींनी परभणीला चहा आणून दिला, तुम्ही तो माझ्याकडे सरकवलात आणि बोलला नाहीत. घरी आल्यावरही नाही. भाऊजी या विषयावर आजपर्यंत एक अक्षर बोललेले नाहीत. त्यांनी फक्त तुमची खाट आपल्या खोलीत खिडकीपाशी हलवून घेतली, आणि तो वेळ, जो इतकी वर्षं अजून होता, त्याचं नाव त्यांच्या तोंडून पुन्हा निघालं नाही. आत्याबाईंना सगळं कळलं तेव्हा त्या देवघरात जाऊन बसल्या. बाहेर आल्या ते तुमच्यासाठी लापशी घेऊन.

मग माझे दिवस आले. मी पडवीत गेले. दुसऱ्या दिवशी सवयीनं दाराकडे बघत राहिले. तुम्ही आलात, पण उंबऱ्याच्या आतच थांबलात. आता तुम्ही स्वच्छ आणि मी विटाळाची. तुम्ही आजारी, तर सगळ्यांनी मिळून मला बजावलेलं की लांब राहा.

"सगळ्या बाया हितनं आत यायला बघतात," तुम्ही म्हणालात. कितीतरी दिवसांनी तुमचे पहिले शब्द. "मला तू उचलून आत टाकलंस."

"पोट फाडलं असतं, अक्का. बिनकामाचं."

"फाडू द्यायचं होतं."

"आणि मग हितं यायला उरला असतात का?"

"हितं यायचं तर तूच बंद केलंस."

हे भांडण आपण पुढे वर्षभर घातलं, कधी रागानं, कधी गमतीनं, आणि ते कुणीच जिंकलं नाही. मी आजही सांगते, मी पुन्हा तेच बोलेन. त्याच खोलीत, त्याच डॉक्टरीणबाईंना, तुम्ही कितीही डोळे वटारलेत तरी. आणि तुम्हीही पुन्हा तसंच रुसाल, हेही मला ठाऊक आहे.

दुसरं भांडण सुशीलेवरून. माझी ही धाकटी हायस्कुलात जायला लागल्यावर म्हणाली, मी असलं बाजूला बसणार नाही. मी म्हटलं, नको बसू. विटाळ वगैरे सगळं झूट आहे, शिकलेल्या मुलीनं मानू नये. तुम्ही खाटेवरून उठून बसलात. "झूट तर हायेच," तुम्ही म्हणालात, "म्या काय कमी झूट केलंय? पण तिला महिन्यातनं चार रोज टेकू कोण देणार? तू? का तिची सासू?" सुशीलेला अजून सासू नाही, त्यामुळे ते भांडण तसंच लोंबकळत राहिलं आहे. अक्का, ही चाल वाईटच आहे. ती मोडायला हवी. आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जास्त हसणं ह्याच चालीनं मला दिलं. या दोन्ही गोष्टींचं मी काय करू ते तुम्ही सांगून गेला नाहीत.

इंजेक्शनं लागू पडली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की ती पुरुषाच्या अंगातल्या रसाची आहेत, आवाज बदलेल. आधी तो बसला, मग जाड होत होत इतका खाली गेला की दुकानातला मुनीम एकदा आतून तुमची हाक ऐकून भाऊजी समजून उठून उभा राहिला. ओठावर लव आली. मी म्हटलं, दोऱ्यानं काढू का? "राहू दे," तुम्ही त्या नव्या आवाजात म्हणालात. "आत्याबाईला माझ्याकडनं मुलगाच पाहिजे होता ना? घ्या म्हणावं." आत्याबाई शेजारीच वाती वळत होत्या. मी जीव मुठीत धरून बसले. आणि त्या हसल्या. पोट धरून हसल्या, मग रडल्या, मग तुमच्या पायांवरचं पांघरूण नीट करून उठून गेल्या. तुमची पाठ त्यानंतर वर्षभर शांत होती. वर्षभर तुम्ही बसत होतात, उठत होतात, माझ्या आमटीला नावं ठेवत होतात. ते वर्ष मला मिळालं. कुणाचे आभार मानू? त्या इंजेक्शनांचे मानते.

मला तुमचा तो जाड आवाज फार हवा आहे, अक्का. पहिला आवाज मी तीस वर्षं ऐकला तरी आता नीट आठवत नाही. हाच कानात येतो. चुलीपाशी काम करताना मधेच वाटतं की खिडकीकडून "कमळे" अशी हाक आली, आणि हात थांबतो. हाक येत नाही. मग भाकरी करपते आणि मी तिला शिव्या देते.

यंदाच्या थंडीत दुखणं परत आलं, ते हाडांत. ज्वारीची कणसं भरली होती, पोरं हुरड्याला शेतावर गेली होती, आणि तुम्ही कूस बदलायलाही नको म्हणत होतात. मी तुमच्याजवळून हलत नव्हते. आणि त्याच दिवसांत, अडीच-तीन महिन्यांचा खंड पडून, मला आली. मला वाटलं होतं, आता माझीही गेली. सकाळी न्हाणीत कळलं तेव्हा मी तिथेच भिंत धरून उभी राहिले. सांगायचं म्हणजे मागच्या पडवीत जाऊन बसायचं. तुम्ही आत, मी बाहेर. चार दिवस. तुमच्याजवळ किती दिवस उरले होते ते सगळ्यांना दिसत होतं.

मी सांगितलं नाही. फडकं घेतलं, लुगडं नीट नेसले आणि येऊन तुमच्या उशाशी बसले. तुम्हाला पाणी पाजलं, अंग पुसलं, आत्याबाईंनी देवघरातून आणून दिलेला अंगारा ह्याच हातानं तुमच्या कपाळाला लावला. कुणाला कळलं नाही. तुम्हाला दुपारीच कळलं.

"बसली न्हाईस?"

"मला कुठं आलीय?"

"सकाळपासनं भिंतीला पाठ लावून चालून राह्यलीस, कमळे." तुम्ही हसलात, हसताना कळ आली, तरी हसलात. "चांगलं बनवून राह्यलीस सगळ्यांना. कुणी शिकवलं गं?"

मी तुमचा हात धरला होता. म्हटलं, आता विचारूनच घ्यावं. "अक्का, ती तीन वर्षं तुम्ही कुणासाठी बसत होतात? भाऊजींची आशा तुटू नये म्हणून, का माझ्यासाठी?"

तुम्ही कोरड्या ओठांवरून जीभ फिरवलीत. मग म्हणालात, "पाणी दे."

मी गोदेचं पाणी पळीनं दिलं. तुम्ही गिळलंत, आणि डोळे मिटल्यावर अगदी बारीक, म्हणजे तुमच्या त्या आवाजात जेवढं बारीक होऊ शकतं तेवढं, म्हणालात, "ह्या बारीला मी होते पुढं. तू जल्दी करू नको." दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. माझा हात तुमच्या हातात होता, आणि मी विटाळशी होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगते आहे.

आता हेही सांगते. काल मला काही आलेलं नाही. आत्याबाईंशी मी खोटं बोलले. घरात कुणालाही हात न लावता, कुणाशी न बोलता बसायचं असेल तर दुसरी जागाच नाही आपल्याला. आणि इथे येऊन बसले तेव्हा मला माझं उत्तर मिळालं, म्हणजे अर्धं तरी मिळालं. भाऊजींचं मला ठाऊक नाही, ते तुमचं तुमच्यापाशी. पण ज्याच्याजवळ बसायचं असतं त्याच्यासाठी माणूस असं खोटं घोंगडं पसरतं, एवढं आता माझ्या अंगाला कळलं आहे.

काल आत्याबाईंनी ताट आणलं, नेहमीसारखं लांबून सरकवलं. वळता वळता त्यांच्या तोंडून गेलं, "एकटीच का गं?" आणि मग त्या तिथेच थांबल्या, पदर डोळ्यांना लावला आणि आत गेल्या. नव्वदीला टेकलेली बाई, तिचीही सवय सुटत नाही.

आज सकाळी मी तुमचं घोंगडं झटकलं, उन्हात टाकलं आणि मघाशी आणून माझ्या शेजारी पसरलं. मी काल आले, अक्का. आज दुसरा दिवस आहे.